नाकासमोर : वास लिंबाचा, पण बाटलीत काय?

सुगंधी तेलं, साबण, अत्तरं, उदबत्त्या, नाकाशी संबंधित काहीही विचारा, असं या सदराचं धोरण आहे. उन्हाळ्यात आलेली पत्रं वेगळी काढली तर त्यातली निम्म्याहून जास्त लिंबाच्या वासाची निघाली, म्हणून हा अंक त्यांनाच दिला. आमच्या साबणाच्या लॅबमध्ये लिंबूवर्गी तेलांसाठी एक वेगळा फ्रिज होता आणि त्याची किल्ली बरीच वर्षं माझ्याकडे होती, एवढीच माझी पात्रता.

प्रश्न : ताई, मी ऑनलाइन ‘लेमन ऑइल’ मागवलं. मुलीने प्रदर्शनातून ‘लेमनग्रास’ आणलं. ह्यांनी डासांसाठी ‘सिट्रोनेला’ आणलं. तिन्हींचा वास लिंबाचाच! किमती मात्र तीन तऱ्हेच्या. हे एकच आहे का? एकाच्या जागी दुसरं चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : एकच नाही आणि एकाच्या जागी दुसरं चालणारही नाही. तिन्हींची झाडं वेगळी, तेल काढायची रीत वेगळी, अंगाला लावल्यावरचे परिणामही वेगळे.

लेमन ऑइल फळाच्या सालीतून येतं. हे लेमन म्हणजे आपलं कागदी लिंबू नव्हे. इटली, स्पेन, अर्जेंटिनात पिकणारं, जाड सालीचं, पिवळंधमक, टोकाला बोंडी असलेलं ते फळ. त्याच्या सालीवर तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्या दाबून, खरवडून तेल काढतात, उष्णता लावत नाहीत. या तेलात साधारण दोन-तृतीयांश असतं लिमोनीन, म्हणजे संत्र्याची साल दुमडल्यावर जे फवारतं ते. गंमत अशी, की आपण ज्याला लिंबाचा वास म्हणतो तो मुख्यतः सिट्रल नावाच्या दुसऱ्याच घटकाचा असतो आणि तो लेमन ऑइलमध्ये जेमतेम दोन-तीन टक्के असतो.

लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा आणि त्याची भावंडं. पाती कापून वाफेच्या भट्टीवर तेल काढतात. त्यात सिट्रल सत्तर ते ऐंशी टक्के! त्यामुळे लेमनग्रास खुद्द लेमनपेक्षा जास्त लिंबट वाटतं. केरळातलं हे तेल कोचीन बंदरातून जगभर जायचं, म्हणून व्यापारात त्याला ‘कोचीन ऑइल’च म्हणत. त्यातल्या सिट्रलपासून व्हायोलेट फुलांच्या वासाचं आयोनोन तयार होतं. परदेशी साबणांतला फुलांचा वास कित्येकदा आपल्या गवतातून निघालेला असायचा.

सिट्रोनेला हे त्याच कुळातलं आणखी एक गवत. त्याच्या तेलात सिट्रल नावालाच, राज्य चालतं सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॅल या तिघांचं. म्हणून नीट हुंगलं तर लिंबाच्या मागे गुलाब आणि कपड्यांचा साबण असं काहीतरी जाणवतं.

ओळखायचं कसं? लॅबमध्ये नवीन मुलं आली की मी त्यांना टिपकागदाच्या पट्ट्या द्यायचे. तुम्हीही करा. वहीच्या जाड कागदाच्या तीन अरुंद पट्ट्या कापा, टोकावर नावं लिहा, दुसऱ्या टोकाला एकेक थेंब घ्या. बाटलीला नाक लावू नका, नाक बधिर होतं. पहिल्या मिनिटाला लेमन ताजं, पाणीदार, थोडं गोड लागेल. लेमनग्रास धारदार, त्यात हिरव्या पातीचा वास. सिट्रोनेलात गोडसर उग्रपणा. मग पट्ट्या टेबलावर ठेवून स्वयंपाक उरका. परत याल तेव्हा लेमन जवळपास गेलेलं असेल, कागदावर किंचित मेणचट पिवळा ठसा राहील. लेमनग्रास दुसऱ्या दिवशीही टिकून असेल. लेमनची पट्टी दुसऱ्या दिवशी तशीच घमघमत असेल, तर त्यात बाहेरून सिट्रल किंवा एखादं टिकाऊ सुगंधी रसायन घातलंय असा संशय घ्यायला जागा आहे. पट्टीवर तेलकट डाग पसरून तसाच राहिला, तर एखादं साधं न उडणारं तेल मिसळलेलं असणार.

घेताना लेबल वाचा. झाडाचं शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला, दाबून काढलंय की वाफेवर आणि बॅच नंबर एवढं तरी हवं. नुसतं ‘लेमन फ्रेग्रन्स ऑइल’ लिहिलं असेल तर तो कारखान्यात जुळवलेला वास आहे. साबणात घालायला त्याचा काही दोष नाही, फक्त इसेन्शिअल ऑइलच्या, म्हणजे थेट झाडापासून काढलेल्या सुगंधी तेलाच्या, भावाने घेऊ नका. आणि स्वस्तात ‘मेलिसा’ (लिंबाच्याच वासाच्या एका परदेशी झुडपाचं तेल) मिळतंय म्हणून कोणी भुलवलं तर सरळ पुढे चला. मेलिसाचं तेल इतकं महाग आहे, की त्या नावाच्या स्वस्त बाटलीत बहुधा लेमनग्रास आणि सिट्रोनेलाच नांदत असतात.

प्रश्न : मी बासष्ट वर्षांची. हातापायांना चोळायला खोबरेलाच्या शंभर मिलीच्या बाटलीत एक चमचा लेमन ऑइल घातलं. सकाळी चोळून गच्चीवर आमसुलं वाळत घालायला गेले. दुसऱ्या दिवशी हात भाजल्यासारखे लाल झाले, नंतर तपकिरी ओघळ उमटले ते अजून आहेत. तेल भेसळीचं होतं का? (एक आजी, चिपळूण)

उत्तर : आजी, मला तर उलट वाटतं, तेल अस्सल असावं. भेसळीच्या तेलाने कदाचित एवढं झालंही नसतं.

लेमनच्या सालीत फ्युरोकूमरिन जातीची द्रव्यं असतात. अंधारात ती निरुपद्रवी. कातडीवर असताना त्यांच्यावर उन्हातले अतिनील किरण पडले, की ती कातडीच्या पेशींना इजा करतात. ही अ‍ॅलर्जी नव्हे. कोणालाही होऊ शकतं, पहिल्याच वेळी होऊ शकतं. लगेच काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी लाली, जळजळ, कधी फोड, दोन-तीन दिवसांत ते कळसाला पोचतं आणि मग तपकिरी डाग कित्येक आठवडे, कधी महिनेही रेंगाळतात. तेल जिथून ओघळलं तिथेच डाग उमटले, हीच त्याची खूण.

आता हिशेब. चमचा पाच मिलीचा, म्हणजे तुमचं मिश्रण जवळपास पाच टक्क्यांचं. सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ‘इफ्रा’ने, उन्हात जाणाऱ्या अंगावर राहू देण्याच्या उत्पादनांसाठी दाबून काढलेल्या लेमन तेलाची मर्यादा दोन टक्के धरली आहे. दाबून काढलेल्या लाइमची, म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्या जातीची, 0.7 टक्के. बर्गमोटची तर 0.4. थेंबांत सांगायचं तर वीस थेंबांचा साधारण एक मिली धरा. तीस मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात लेमनचे बारा, लाइमचे चार आणि बर्गमोटचे दोनच थेंब, ही शेवटची हद्द. मी स्वतः एवढंही सांगणार नाही. उघड्या अंगाला लावायचं असेल तर रात्री लावा आणि पुढचे बारा तास तरी तो भाग उन्हाला दाखवू नका. गाडीच्या काचेतून येणारं ऊनही त्यात आलं, हे किरण साध्या काचेतून बरेचसे आत येतात.

बर्गमोट तुमच्या नाकाच्या ओळखीचं आहे. अर्ल ग्रे चहाला तोच वास असतो, कोलन वॉटरचाही तो कणा. हे फळ मुख्यतः इटलीतल्या कालाब्रियात पिकतं. पूर्वी कोलन मानेवर थापून उन्हात जाणाऱ्या बायकांच्या गळ्यावर लोलकासारखे लांबट तपकिरी डाग पडत आणि त्वचारोगाच्या पुस्तकांत त्यांची वेगळी नोंद आहे. आता फ्युरोकूमरिन काढून टाकलेलं बर्गमोट मिळतं. बाटलीवर ‘एफसीएफ’ किंवा ‘बर्गाप्टेन-फ्री’ लिहिलेलं असतं, घ्यायचं तर तेच घ्या.

सगळीच लिंबूवर्गी तेलं अशी नसतात. गोड संत्रं आणि मँडरिनच्या तेलांनी उन्हाचा हा त्रास होत नाही. वाफेवर काढलेल्या लाइम तेलातही ही जड द्रव्यं भट्टीतच मागे राहतात, तेल तेवढं वाफेबरोबर वर येतं. कोलाच्या पेयांमध्ये जो लिंबाचा वास असतो तो याच लाइमचा. लेमनग्रास, सिट्रोनेला उन्हाच्या बाबतीत निर्धोक, पण लेमनग्रासमधल्या भरपूर सिट्रलने कातडी भडकते आणि काहींना कायमची अ‍ॅलर्जी जडते. म्हणून त्याचेही तीस मिलीत चारच थेंब.

आणि हो, त्या डागांवर लिंबू चोळू नका! ‘लिंबाने डाग जातात’ असं कोणीतरी शेजारून सांगणारच. फ्युरोकूमरिन कागदी लिंबाच्या सालीत आणि रसातही असतं. भर उन्हात सरबताची लिंबं पिळणाऱ्यांच्या बोटांवरही असेच डाग पडतात. मूग गिळून बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, लेमन ऑइलचं नाव सांगा आणि तोवर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घाला.

प्रश्न : आमचा संत्र्याचा बगिचा आहे. मृग बहाराची छाटण आणि सालं वाया जातात. यूट्यूबवर कुकरला नळी लावून तेल काढताना दाखवतात. घरी करावं का? (एक शेतकरी, वरूड)

उत्तर : कुकरला नळी लावू नका. संत्र्याच्या तेलाची वाफ पन्नास अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते आणि कुकर तर शंभराच्या वर जातो. नळीचा सांधा सैल झाला, वाफ बाहेर आली आणि खाली गॅस पेटलेला. खात्री हवी असेल तर ताज्या संत्र्याची साल मेणबत्तीजवळ धरून दुमडा, फवारा ठिणग्या उडवत पेटतो. मुलांना दाखवायला मजेचा प्रयोग आहे, फक्त हाताच्या अंतरावरून. हीच साल फुगलेल्या फुग्यावर पिळली तर फुगा फुटतो. थर्माकोलवर थेंब पडला तर खड्डा पडतो. लिमोनीन रबर आणि थर्माकोल विरघळवतं, म्हणून हे तेल साध्या प्लास्टिकच्या बाटलीत भरायचं नाही, हेही लक्षात ठेवा.

घरी करायचंच असेल तर जुनी इटालियन रीत सोपी आहे. ताज्या साली पाण्यात मऊ करायच्या, स्पंजावर दाबायच्या, स्पंज वाडग्यात पिळायचा. पाणी खाली बसतं, तेल वर येतं. पाटीभर सालींतून हाती लागेल ते बघून हिरमुसू नका. शिवाय फवारणीची औषधं तेलात विरघळतात आणि दाबून काढलेल्या तेलात ती सालीबरोबर उतरतात. अंगाला लावायचं तर फवारणी न केलेल्या झाडाचीच सालं घ्या.

गावात मिळून काही करायचा विचार असेल तर स्टेनलेस स्टीलची भट्टी, थंड पाण्याचा कंडेन्सर आणि रीतसर प्रशिक्षण यांच्यावर खर्च करा. लखनौची ‘सीमॅप’ ही केंद्र सरकारची संस्था औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम करते आणि शेतकऱ्यांना शिकवते. मात्र नागपुरी संत्र्याची सालं तेलासाठी विकत घेणारा गिऱ्हाईक आधी शोधा, भट्टी मग. तेल काढणं सोपं, खपवणं अवघड.

साली सुकवून खोबरेलात बुडवून ठेवण्याची रीत तुमच्या घरी असेलच. ते सुवासिक खोबरेल झालं, इसेन्शिअल ऑइल नव्हे. वापरा खुशाल.

प्रश्न : आठ महिन्यांचं बाळ आणि एक मांजर आहे. डासांसाठी सिट्रोनेलाचा डिफ्यूझर रात्रभर लावते, फरशीच्या पाण्यातही थेंब टाकते. ‘लेमन युकॅलिप्टस’ बाळाच्या हातापायांना लावायला चांगलं असं ऐकलं. लावू का? (एक आई, ठाणे)

उत्तर : बाळाला लावू नका. लेमन युकॅलिप्टस म्हणजे लिंबाच्या वासाचं निलगिरी. त्याच्या झाडापासून दोन वेगळ्या वस्तू बनतात आणि बाजारात त्यांची सरमिसळ होते. एक त्याचं इसेन्शिअल ऑइल, त्यात बहुतांश सिट्रोनेलॅल असतं. दुसरी, त्या तेलावर प्रक्रिया करून ‘पीएमडी’ नावाचा घटक वाढवलेलं डासप्रतिबंधक. डासांवर टिकाऊ परिणाम दुसरीचा होतो, पहिलीचा नाही. आणि ती दुसरी वस्तूसुद्धा तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये, असं अमेरिकेची ‘सीडीसी’ ही आरोग्यसंस्था सांगते.

सिट्रोनेलाबद्दल खरं सांगायचं तर त्याने डास थोडा वेळ दूर राहतात, फार तर तास-दोन तास, कारण ते उडून जातं. खोलीत फवारलेल्या वासाच्या भरवशावर डेंग्यूच्या मोसमात बाळ ठेवायचं नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारच्या झोपेलाही पाळण्यावर मच्छरदाणी लावा. खिडकीला जाळी, कुंड्यांच्या ताटल्या कोरड्या. माझा विश्वास आजही मच्छरदाणीवरच आहे, सुगंधाच्या धंद्यात आयुष्य घालवूनसुद्धा.

रात्रभर डिफ्यूझर तर बंदच करा, बाळासाठी आणि तुमच्यासाठीही. मोठ्या माणसांच्या खोलीत लावायचा तर अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून, मग बंद. घरात कोणाला दमा असेल तर तेवढाही नको.

मांजराचं वेगळं आहे. मांजराच्या यकृतात अशी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकणारी एक महत्त्वाची व्यवस्था फार दुबळी असते. लिमोनीन, सिट्रल, सिट्रोनेलॅल यांचं ओझं तिला पेलत नाही. फरशीवर तेल पडतं, मांजर त्यावरून चालतं, मग पंजे चाटतं. तुम्ही पाण्यात टाकलेले थेंब विरघळतही नाहीत, ते बादलीत वर तरंगतात आणि फडक्याबरोबर एकाच ठिकाणी गोळा होतात. मांजर लाळ गाळत असेल, झोकांड्या देत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. फरशी साध्या फिनाइलऐवजी सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, कारण फिनाइलही मांजराला सोसत नाही.

प्रश्न : सकाळी कोमट पाण्यात लेमन ऑइलचा एक थेंब घेतला तर व्हिटॅमिन सी मिळतं आणि वजन उतरतं, असं आमच्या योगाच्या ग्रुपमध्ये फिरतंय. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लेमन ऑइलमध्ये ते नसतं. लिंबू पिळा, मीठ-साखर घाला आणि प्या, त्यात ते आहे. वजनाचं म्हणाल तर त्या थेंबाने फक्त पाकीट हलकं होईल.

थेंब पाण्यावर तरंगतो आणि सरळ घशाला चटका देतो. या निमित्ताने एक सूचना. घरात लहान मूल असेल आणि त्याने बाटली तोंडाला लावली तर उलटी करवू नका. ही तेलं रॉकेलसारखी पातळ असतात. उलटीबरोबर ती फुप्फुसात उतरली तर जास्त घात होतो. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. सगळ्या बाटल्या औषधांच्या कपाटात, वरच्या खणात.

प्रश्न : पुतणीने चार वर्षांपूर्वी दिलेलं ऑरेंज ऑइल अर्धं उरलंय. वास थोडा टर्पेंटाइनसारखा येतो. अंगाला लावायचं का फेकायचं? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : अंगाला नाही. टर्पेंटाइनचा वास आला म्हणजे लिमोनीन हवेबरोबर बदललं. ताज्या लिमोनीनने सहसा कातडीला काही होत नाही, पण हवेने जुनं झालं की त्यातून बनणारी द्रव्यं अ‍ॅलर्जी जडवतात. आणि एकदा जडली की मग शांपू, साबण, भांड्यांचं लिक्विड, सगळ्यांच्या बाटल्यांमागची बारीक अक्षरं वाचत बसावं लागतं. युरोपात लिमोनीन, सिट्रल, जिरॅनिऑल यांची नावं ठरावीक प्रमाणापुढे लेबलवर छापावीच लागतात, ती याच कारणाने.

पुढच्या वेळी दहा मिलीची लहान बाटली घ्या, गडद काचेची. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा, झाकण घट्ट लावून फ्रिजच्या दारात ठेवा आणि वर्षभरात संपवा. तळाशी थोडंच उरलं असेल तर ते आणखी लहान बाटलीत काढा, बाटलीत हवा जितकी कमी तितकं बरं.

तुमच्याकडे उरलेलं मात्र फेकू नका. नवीन स्टीलच्या डब्यावर स्टिकरचा चिकट थर राहतो ना, जो नखाने जात नाही? नायट्राइलचे हातमोजे घाला (साधं रबर या तेलाने खराब होतं), कापसावर दोन थेंब घ्या, खिडकी उघडा, गॅस बंद ठेवा आणि पुसा. मग साबणाने डबा धुऊन टाका. कापूस लगेच डस्टबिनमध्ये टाकू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत वाळू द्या. प्लास्टिकच्या डब्यावर हा उद्योग करू नका, स्टिकरबरोबर डब्याची चकाकीही जाईल.